गळालेले : सतरा

चार हजार दोनशे अकरा शोधनिबंध.
शीर्षक वाचायचं, सारांश वाचायचा,
घ्यायचा किंवा वगळायचा.
तांदूळ निवडावेत तसं. फक्त इथे
खडा तांदळाच्याच रंगाचा.

पलीकडच्या खोलीत फिरोजा तेच निवडते आहे.
नियमच तसा : दोघींनी एकमेकींना न विचारता चुकायचं,
मग जुळवून बघायचं.
नाहीच जुळलं तर करंदीकर सर,
ज्यांना न्याय द्यायला आधी चहा लागतो.

बावीस वर्षं झाली यात.
आई अजून सोसायटीत सांगते,
"डॉक्टर आहे, पण तपासणारी नव्हे."
तपासणारीच आहे गं.
माणसं नाही, माणसं तपासल्याचे कागद.

सरकारकडून प्रश्न येतो एका ओळीचा :
मधुमेहींसाठी मऊ तळाची चप्पल योजनेत घ्यावी का?
मग आम्ही काढत बसतो
चपलेची किंमत, वाचलेल्या पायाची किंमत,
त्या पायावर उभ्या राहिलेल्या एका वर्षाची किंमत.
शेवटी सगळे अभ्यास एका चित्रात ओळीने येतात,
प्रत्येकाचा एक चौकोन, दोन्हीकडे मिशा,
आणि तळाला सगळ्यांचं मिळून एक शंकरपाळं.
ते मधल्या उभ्या रेषेला शिवलं
तर खात्रीने काही सांगता येत नाही.
(दिवाळीत भाचा ओरडतो,
मावशी, खा, मोजू नकोस.)

काल एकोणिसावा निबंध उघडला.
पुणे, दोन हजार तीन.
सहभागी एकशे चाळीस. गळालेले सतरा.
कारणं नमूद नाहीत.

त्या वर्षी लुनावर मी हिंडत होते,
महिना अडीच हजारांवर,
हँडलला पिशवी, पिशवीत सतरा पत्ते.

ताडीवाला रोडच्या शेवंता गालफाडे :
चपला कोऱ्या होत्या म्हणून
जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेत,
पुतणीच्या लग्नात घालणार होत्या.
खडकीचे पिल्लेमामा, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
मुलाकडे गेले कोइमतूरला. कुलपावर मधमाश्यांचं पोळं, लहानसं.
एका बाईंनी तर दारच उघडलं नाही,
आतून म्हणाल्या, बरं आहे सगळं.
आणि घोरपडीचा इसाक,
भिंतीला धरून आला उंबऱ्यापर्यंत :
"डावी घेऊन जा ताई.
उजवी लागते अजून."

ती डावी चप्पल मी ऑफिसात जमा केली.
पावती मिळाली.
फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता.

आता पूर्वग्रहाच्या धोक्यापुढे
मी लाल ठिपका दिला, फिरोजाने पिवळा.
सरांनी कप खाली ठेवला. "लाल कशावरून?"
छापील पानात तर काहीच नाही.
मी सांगितलं : यांतले काही मला भेटलेत.
सर थोडा वेळ गप्प. मग हळूच,
"म्हणजे या निबंधापुरत्या तुम्ही बाहेर."
बरोबरच होतं.
हा नियम मीच मुलांना शिकवते, दर जुलैत,
उदाहरण देऊन.

व्हरांड्यात उभी राहिले.
खाली सेनापती बापट रस्ता तुंबलेला,
एक रुग्णवाहिका हॉर्नमध्ये हॉर्न मिसळत.
आत दोघं हलक्या आवाजात बोलत होते
शेवंताबाईंबद्दल, त्यांचं नाव न घेता.

पिवळाच राहिला.
शंकरपाळं रेषेपासून केसभर लांब.
चप्पल योजनेत आली,
आणि चांगलंच झालं, बहुतेक;
बाकीच्या अठरांत दम होता.

अहवालाच्या एकशे सहाव्या पानावर एक तळटीप आहे,
माझी :
"एका अभ्यासातील सतरा सहभागींच्या गळतीची कारणं
नमूद केलेली नाहीत."
टंकलेखन तपासणाऱ्याने विचारलं, वाक्य पुरं आहे ना?
आहे.
फक्त त्यात कर्ता नाही.
शाळेत सांगायचे, कर्ता सापडत नसेल
तर क्रियापदाला विचारा : कोणी?